प्रेशर आलं का?

सोनोग्राफीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिच्या तयारीला आदली रात्र लागते, आख्खी सकाळ लागते, घरातलं एक रिकामं माणूस लागतं आणि पाण्याची मोठी बाटली लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे कंपाउंडरने निळ्या पेनाने तीन ओळी खरडलेल्या असतात : उपाशीपोटी येणे. भरपूर पाणी पिणे. लघवीस जाऊ नये. एकादशी, चतुर्थी, हरतालिका आयुष्यभर निभावलेल्या बायकाही या तीन ओळींपुढे चरकतात. निर्जळी उपासाची त्यांना सवय असते. हा भरजळी उपास त्यांच्या आईनेही कधी केलेला नसतो.

मिरजेत हा उपास रोज सकाळी सामुदायिक स्वरूपात चालतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं. तेव्हापासून गावाला पेशंटांची सवय झाली आणि आसपासच्या तालुक्यांना मिरजेची. तासगाव, जत, कवठेमहांकाळ इकडून आणि अथणी, चिकोडी, जमखंडी तिकडून लोक पहाटेची गाडी धरून येतात. दवाखान्यांच्या पाट्या मराठीत असतात तशा कन्नडातही असतात. याच गावात सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. एका गल्लीत कारागीर तारेला कान लावून जवारी काढत बसलेला असतो आणि चार पावलांवर डॉक्टर माणसाच्या पोटात असा आवाज सोडत असतात की जो कुणालाच ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत साथ देतो. पोटाच्या सोनोग्राफीची कंपनं वीस ते पन्नास लाखांच्या घरात असतात. हे एक बरंच झालं. ऐकू आली असती तर मिरजकरांनी मशीन सुरात आहे की नाही यावर वाद घातला असता आणि पेशंट तसाच ताटकळला असता.

माझे चुलते, नाना, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नियम दिसला की त्यातली फट शोधायची, हे काम त्यांनी नोकरीभर सरकारी पगारावर केलं आणि आता फुकट करतात. त्यांचं 'होल अॅब्डोमेन' म्हणजे आख्ख्या पोटाची सोनोग्राफी करायचं ठरलं, सोबत रक्त, लघवी, शुगर वगैरे पॅकेज होतंच, तेव्हा त्यांनी सेंटरला फोन लावून पहिला प्रश्न विचारला तो महाराष्ट्रातला प्रत्येक पेशंट विचारतो.

"उपाशीपोटी म्हणजे चहा चालतो ना?"

"नाही काका. फक्त पाणी."

"अहो ताई, चहा म्हणजे काय खाणं आहे का?"

पलीकडच्या मुलीने हा युक्तिवाद त्या दिवसात कितव्यांदा ऐकला असेल कुणास ठाऊक. तिने शांतपणे "काका, फक्त पाणी" एवढंच पुन्हा सांगितलं. नानांनी मग अर्धा कप विचारला, बिनसाखरेचा विचारला, आणि शेवटी "नुसता घोटभर, गोळी गिळायला" इथपर्यंत तडजोड आणली. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगी नवीन दिसते. नियमावर बोट ठेवतेय."

वास्तविक त्या मुलीचं बरोबर होतं. पित्ताशय ही यकृताखालची छोटी पिशवी. पोट रिकामं असलं की ती पित्ताने टम्म भरते आणि मग तिच्यात खडा असलाच तर स्वच्छ दिसतो. दुधाचा चहा पोटात गेला की त्यातल्या स्निग्धांशाची वर्दी तिला पोचते आणि ती आकसून पित्त सोडून मोकळी होते. आकसलेल्या पिशवीत डॉक्टरांनी काय बघायचं? म्हणून सहा ते आठ तास काही नको. तंबाखूही नको, कारण चघळणारा माणूस तंबाखूबरोबर हवाही गिळत असतो. हे ऐकून वेटिंगमधल्या एका गृहस्थाने मोठ्या नाइलाजाने गालातली गोळी बाहेर जाऊन थुंकली. सकाळी दात घासल्यापासूनची ती तिसरी होती आणि त्यांच्या मते ते अजून कडकडीत उपाशी होते.

खरी परीक्षा मात्र पाण्याची. चिठ्ठीत 'तासभर आधी चार-पाच ग्लास' असं असतं. तासगावहून येणाऱ्याने तो तास कुठून मोजायचा? घरी पिऊन निघावं तर एसटी आहे आणि एसटीच्या वाटेवर स्पीडब्रेकर आहेत. स्टँडवर उतरून प्यावं तर सेंटरवर पोचेपर्यंत काहीच जमलेलं नसतं आणि नंबर मागे जातो. नानांनी विचारपूर्वक अर्धं पाणी घरी आणि अर्धं मिरजेच्या स्टँडवर असे दोन हप्ते पाडले. खात्यात असताना कालव्याची आवर्तनं त्यांनी कागदावर अशीच पाडली होती. ती शेतापर्यंत पोचली की नाही हे त्यांना कधी कळलं नाही. ही पाळी मात्र बरोबर टोकाला पोचली.

सेंटरमधला वेटिंग हॉल म्हणजे चार रांगा खुर्च्या, एक टीव्ही, एक कूलर आणि दर पाच मिनिटांनी येणारी हाक, "प्रेशर आलं का?" या एका प्रश्नावर इथला सगळा कारभार चालतो. नंबराला अर्थ नाही, ओळखीला तर मुळीच नाही. ज्याला प्रेशर आलं तो आत. अनोळखी माणसं एकमेकांना "तुमचं किती झालं?" असं विचारतात आणि त्याचं उत्तर ग्लासात देतात. शेजारच्या आजीबाईंची सून त्यांना भरभरून ग्लास देत होती आणि आजी कन्नडात काहीतरी पुटपुटत होत्या. भाषा कळली नाही, मजकूर कळला. जे नुकतेच आलेत ते कूलरभोवती उभे. ज्यांना अर्धवट आलंय ते टीव्ही बघतायत. आणि ज्यांना पूर्ण आलंय ते बसतही नाहीत, बोलतही नाहीत, टॉयलेटच्या दाराकडे पाठ करून भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे एकटक बघत उभे असतात. कुणाला खोकला आला तर सगळा हॉल काळजीत पडतो.

या छळाला शास्त्रीय कारण आहे, हे एकदा कळलं की छळ तेवढाच राहतो, पण राग थोडा कमी होतो. सोनोग्राफीच्या आवाजाला हवेचं वावडं. त्याच्या वाटेत हवा आली की तो तिथूनच माघारी फिरतो. कातडी आणि डॉक्टरांच्या हातातला, आवाज सोडणारा प्रोब यांच्यात केसभर हवा राहू नये म्हणून तर ते गारढोण जेल फासतात. आणि ओटीपोटात तर आतड्यांची वेटोळी हवेने भरलेली. मूत्राशय भरलं की ते फुगून या वेटोळ्यांना वर ढकलतं आणि स्वतः स्वच्छ पाण्याची खिडकी होऊन बसतं. तिच्यातून मग पलीकडचं गर्भाशय किंवा प्रोस्टेट दिसतं. म्हणजे आपण जे जिवाच्या आकांताने धरून ठेवलेलं असतं ती डॉक्टरांच्या लेखी काच असते.

पाण्याचा आणि तपासणीचा संबंध तसा जुनाच. विलेम आइंटहोवन यांनी हॉलंडमध्ये ईसीजी काढायला सुरुवात केली तेव्हा पेशंटचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून त्याला बसवत. १९२४ चं नोबेल त्यांनाच मिळालं. पेशंटच्या ओल्या पायाचा उल्लेख कुणी केला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरला डग्लस हाउरी यांनी जे सोनोग्राफीचं यंत्र जुळवलं त्यात तर माणसालाच पाण्याच्या टाकीत बसवायचे आणि त्याच्याभोवती प्रोब फिरवायचे, तो जुन्या बी-२९ बॉम्बर विमानाच्या तोफेच्या चक्रावरून. पूर्वी पेशंट पाण्यात बसायचा, आता पाणी पेशंटमध्ये बसतं; विज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांची गोष्ट आणखी वेगळी. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात पोलादातल्या भेगा शोधायचं एक यंत्र होतं. डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये ऑपरेशनात काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून त्या कारखान्यात नेल्या आणि यंत्राखाली धरल्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. तीन वर्षांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला आणि बॉयलरचं यंत्र बायकांच्या वॉर्डात स्थिरावलं. त्या बॉयलरना बिचाऱ्यांना उपाशीपोटी यावं लागत नव्हतं.

पण एकाच अटीचा त्रास असता तर माणसाने सोसला असता. पॅकेज घेतलं की प्रत्येक तपासणी आपापली अट घेऊन येते आणि त्या सगळ्या अटी पाळायला पोट मात्र एकच. नानांचं रक्त सकाळी आठला घेतलं. करड्या झाकणाची नळी शुगरची. तिच्यात फ्लोराईड असतं, कारण रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी नळीत बसून साखर खातच राहतात आणि आकडा खाली येतो. हे ऐकून नाना म्हणाले, "बघ, माझ्या पेशींनासुद्धा उपास झेपत नाही, आणि मला सांगतात चहा नको." रक्त झालं तोच लॅबच्या मुलाने त्यांच्या हातात एक छोटी डबी दिली. "यूरिन सँपल द्या." नाना आनंदाने उठले. दोन पावलं गेले असतील तोच काउंटरवरून हाक आली, "काका, तुमची सोनोग्राफी राहिलीय ना? जाऊ नका!"

एका हातात डबी, समोर दार, मागून मनाई. नाना पस्तीस फायलींची अडवणूक सहज करायचे, पण स्वतः असे अडवले गेले नव्हते. लॅब म्हणते दे, सोनोग्राफी म्हणते ठेव. शेवटी काउंटरवरच्या मुलीनेच तोडगा सुचवला : "थोडीशी द्या काका. बाकीची धरून ठेवा." हे वाक्य जिने उच्चारलं तिचं वय वीस-बावीस. साठीनंतरच्या माणसाला सुरुवात करणं अवघड असतं आणि मध्येच थांबवणं त्याहून अवघड असतं, हे तिला कोण सांगणार? नाना आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले, आणि डबी काउंटरवर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते त्यांच्या निरोप समारंभाच्या फोटोतही नाही.

एवढ्यात बातमी आली की सोनोग्राफीचे डॉक्टर साडेअकराला येणार. ते आणखी एका सेंटरला जातात. आता शुगरचा दुसरा भाग म्हणजे पीपी. त्याला जेवल्यापासून दोन तासांनी रक्त द्यायचं. तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. पण सोनोग्राफीशिवाय जेवायचं नाही, सोनोग्राफी साडेअकराशिवाय नाही, म्हणजे जेवण बाराला आणि रक्त दोनला. आणि लॅबचा मुलगा दीड ते तीन जेवायला जातो. नानांनी खिशातून पेन काढून चिठ्ठीच्या मागे सगळं वेळापत्रक मांडलं, दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, "यातून फक्त मंत्रालय मार्ग काढू शकेल."

वाट बघताना भिंतीवरचं सगळं वाचून होतं. गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, ही पाटी सर्वांत मोठी. सत्तरीच्या माणसाला ती वाचून करायचं काही नसतं, पण पाटी लावावीच लागते, आणि लागली पाहिजे. असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. गरोदर बाईची सोनोग्राफी करायची तर भलामोठा एफ फॉर्म भरावा लागतो. हा फॉर्म का जन्माला आला हे आठवलं की त्या हॉलमधलं हसू जरा आवरतंच.

आतली खोली अंधारी आणि थंडगार. थंडीचा आणि भरलेल्या मूत्राशयाचा संबंध एसी बसवणाऱ्याला कुणी सांगितलेला नसतो. डॉक्टर पेशंटशी तीनच वाक्यं बोलतात, "श्वास घ्या, धरा, सोडा," आणि बाकी सगळं इंग्रजीत टायपिंग करणाऱ्या मुलीशी. 'लिव्हर', 'नॉर्मल', 'सेंटिमीटर' एवढे शब्द ओळखीचे वाटतात. मधेच एक लांबलचक शब्द येतो आणि नेमका तिथेच डॉक्टरांचा हात थांबतो. पेशंट त्या हाताकडे बघतो, मग चेहऱ्याकडे. डॉक्टर पुन्हा तिथंच फिरवतात. पेशंट मनातल्या मनात मुलाबाळांत वाटणी करून टाकतो. डॉक्टर म्हणतात, "गॅस फार आहे."

नानांच्या आयुष्यातला हा मोठा क्षण. "मला गॅसेसचा त्रास आहे" हे ते लग्न झाल्यापासून सांगत आलेत आणि काकूंनी ते कधीच मनावर घेतलेलं नाही. आता तज्ज्ञ डॉक्टरने ते लेखी दिलं : स्वादुपिंडाचा काही भाग गॅसमुळे दिसू शकला नाही. आदल्या रात्रीच्या वाटाण्याच्या उसळीचा उल्लेख त्यांनी केला नाही. मीही केला नाही.

मग प्रोब खाली उतरतो आणि नेमका तिथेच दाबला जातो जिथे दाबू नये. ज्यांनी तो दाब अनुभवलाय त्यांना वर्णनाची गरज नाही, बाकीच्यांनी वाट बघावी. त्यातून पार पडल्यावर डॉक्टर म्हणतात, "आता जाऊन या, मग परत बघू." नाना त्या दिवशी ज्या वेगाने चालले तो वेग मी त्यांच्यात पूर्वी फक्त पाच वाजता ऑफिस सुटताना पाहिला होता. परतले तेव्हा माणूस बदललेला होता. सगळ्यांकडे बघून हसत होते, वॉचमनलाही त्यांनी "काय, बरं आहे ना?" म्हणून विचारलं. पुन्हा आडवे झाले. डॉक्टरांनी प्रोब फिरवला आणि म्हणाले, "चाळीस मिली शिल्लक आहे."

"शिल्लक?" हेडक्लार्क दचकून उठायला लागले. "सगळी पूर्ण करून आलोय साहेब!" चाळीस मिली या वयात काही विशेष नाही असं डॉक्टरांनी समजावलं, तरी नानांच्या मनातून ते गेलं नाही. त्यांच्या टेबलावर कधी शिल्लक राहिली नव्हती.

काकूंचं एमआरआय याच्या मानाने कोरडं, पण तिथला उपास दागिन्यांचा. त्या खोलीतला चुंबक मशीन बंद असतानाही चालूच असतो, म्हणून अंगावर धातू नको. हे सांगणं सोपं आहे. आमच्या भागातल्या बाईच्या अंगावरून धातू उतरवायला बसलं की कळतं, की तो थर कुठे संपतो हे तिलाही माहीत नसतं. बांगड्या निघाल्या. बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टीपिना निघाल्या. पदराची पिन, अंबाड्याचे आकडे, कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा निघाला. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर काकू थबकल्या. सोनं चुंबकाला चिकटत नाही, मग कशाला काढायचं, असा रास्त मुद्दा त्यांनी मांडला. टेक्निशियनने चित्र खराब येतं, शिवाय तापूही शकतं, असं सांगितलं. मग ते कुणाच्या हातात द्यायचं यावर चर्चा होऊन नानांच्याच हातात द्यायचं ठरलं. नाना ते मुठीत धरून बसले आणि अर्धा तास कुणाशी बोलले नाहीत. राहिली जोडवी. ती बोटांत रुतलेली, वर्षानुवर्षं न निघालेली. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी टेक्निशियनच्याच कुठल्या मावशीकडची युक्ती म्हणून बोटाला दोरा गुंडाळून त्यावरून सरकवली. एक निघालं तेव्हा रांगेतल्या बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आतून काकू बाहेर आल्या त्या म्हणाल्या, "एवढा ठणठणाट करतात आणि वर म्हणतात हलू नका."

शुगरवाल्यांची तयारी आणखी वेगळी. रक्त द्यायच्या आधी चार दिवस घरात भात शिजत नाही. गोड बंद, बटाटा बंद, सकाळी फिरणं चालू. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी जिलबी. फास्टिंगचा आकडा या साधूपणाला फसतोही. पण एचबीएवनसी नावाचं प्रकरण आलं आणि या लोकांची पंचाईत झाली. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तितके दिवस रक्तातली साखर अंगाला चिकटवून घेत फिरते. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. फास्टिंग म्हणजे आदल्या रात्री पाठ करून दिलेली घटक चाचणी, आणि हा म्हणजे वर्गशिक्षकांनी रोज लिहून ठेवलेला शेरा. गंमत अशी की त्याला उपाशी यायची अटच नाही. चहा पिऊन या, जिलबी खाऊन या, त्याला फरक पडत नाही. त्याला सगळं आधीच माहीत असतं.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आले. रिपोर्ट वाचायची आमच्या घरातली पद्धत म्हणजे ठळक अक्षरं शोधणं. ठळक दिसला की त्या आकड्याचा फोटो भाच्याला जातो, जो फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता हे ठळक प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा अशा आखतात की धडधाकट माणसांपैकी शंभरातले पंच्याण्णव तिच्यात बसावेत. उरलेले पाच धडधाकटच असतात, फक्त मर्यादेबाहेर. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक यायची शक्यता शंभरात चौसष्ट. पॅकेज जितकं मोठं तितकं काहीतरी निघणारच. आणि खरं सांगायचं तर आपल्याला ते हवंही असतं. एवढे पैसे भरून, चहा सोडून, धरून ठेवून, जर कागदावर ओळीने 'नॉर्मल, नॉर्मल' आलं तर माणसं घरी येऊन पडेल चेहऱ्याने सांगतात, "काहीच निघालं नाही हो."

नानांचंही काहीच निघत नव्हतं. शुगर काठावर पण आत. क्रिएटिनिन ठीक. थायरॉईड ठीक. खडा नाही. मूत्रपिंडं व्यवस्थित. नाना एकेक पान पुढे ढकलत होते आणि हिरमुसत होते. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती. फॅटी लिव्हर, ग्रेड वन.

मी सांगू लागलो, की यकृतावर थोडी चरबी, पहिली पायरी आहे, तेलकट कमी करा, रोज चाला. नाना ऐकत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, ओळ पुन्हा वाचली आणि काकूंना हाक मारली.

"अगं ऐकलंस का? मी आख्खी नोकरी क्लास थ्रीमध्ये काढली. लिव्हर वन निघालं."

काकू आतून म्हणाल्या, "मग चहा टाकू का?"